घळीचा पत्ता

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी रावजीकाकांचं नाव घेतो. आईवडिलांनी वाढवलं, त्याला उपकार म्हणत नाहीत. गुरुजनांनी शिकवलं, त्याचा त्यांना पगार होता. रावजीकाका आमच्या कॉलेजच्या बागेत रोजंदारीवर माळी होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. आज मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे, निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरली आहेत, लोक मला दुर्मिळ फुलांचा जाणकार म्हणून बोलावतात, हारतुरे देतात. हे सगळं त्या माणसामुळे आहे. त्यांच्याशी मी काय केलं ते या प्रकरणात लिहितो. माझ्या मुलांना हे ठाऊक नाही. ती हे पहिल्यांदा इथेच वाचतील.

आम्ही सुरतेच्या कडेला, भेस्तानला राहत होतो. दोन खोल्या, आणि मागची भिंत मागाच्या कारखान्याला लागून. ती भिंत दिवसभर हलकी थरथरायची; फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि वीज गेली की सगळं एकदम गप्प व्हायचं तेव्हा शेजारपाजारची लोकं दचकून बाहेर येऊन बघायची. वडील त्याच कारखान्यात होते. वीस वर्षं मागावर काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते घरातही हाक मारल्यासारखे बोलत. आई बाहेर कुणाशी हिंदी-गुजराती बोलली तरी चुलीपाशी अहिराणीच. कळण्याची भाकरी, वर मिरचीचा खुडा, उडदाची डाळ, आणि उन्हाळ्यात गावाकडून आलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. भाकरी थापताना ती हाताचा असा आवाज काढायची की मागाच्या खटखटीतूनही तो वेगळा ऐकू यायचा. माझी शाळा मामाकडे, शहाद्याच्या बाजूला तालुक्याच्या गावी झाली. बारावी झाल्यावर वडिलांनी मला सुरतेला आणलं आणि सायन्स कॉलेजात घातलं. आमच्या भाऊबंदांत तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी वनस्पतिशास्त्र घेतलं हे कळल्यावर वडील हसत ओरडले होते, "फुलं देखीसन पोट भरस का रे?" आणि मग शेजाऱ्यांना अभिमानानं सांगत सुटले होते की मन्हा आंडोर झाडांचा डॉक्टर व्हणार.

कॉलेजात मी पहिल्या वर्षी मुका होतो. मास्तर इंग्रजीत शिकवत, मुलं गुजरातीत बोलत, आणि मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून "ए घाटी" अशी हळूच हाक यायची. पहिल्या सहामाहीत तोंडी परीक्षेत बाईंनी मला एक पान हातात देऊन काहीतरी विचारलं. मला पान ओळखता येत होतं, प्रश्न कळला नव्हता. बाहेर येऊन बागेतल्या हौदाच्या कट्ट्यावर बसलो आणि ठरवलं की उद्यापासून वडिलांबरोबर मागावर जायचं. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "का रं पोऱ्या, कोण मेलं?" ते रावजीकाका. डांगातले होते. त्यांची बोली माझ्या आईच्या बोलीची चुलत बहीण वाटावी अशी होती. त्या एवढ्या मोठ्या कॉलेजात माझ्या घरच्यासारखं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते शेणखत कालवत उभं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी मला झाडं शिकवली. पुस्तकात कुळं असतात, तशी त्यांची स्वतःची कुळं होती: दूध येणारी, हाताला खाज आणणारी, चोळल्यावर जिऱ्यासारखा वास येणारी, फांदी मोडली की कटकन आवाज करणारी. ते मला डोळे मिटायला लावून हातात पान द्यायचे. चुकलो की म्हणायचे, "तुझी मायबी पानं अशीच वळखते का? मग मेथी म्हणून धतुरा खाऊ घालील." वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिकात टेबलावर मांडलेले सगळे नमुने मी ओळखले. वर्गात दुसऱ्या कुणालाच ते जमलं नव्हतं. इंग्रजी नावं मग मी रात्रंदिवस घोकली. पण झाड आधी हाताला माहीत होतं, नाव नंतर आलं.

एका रविवारी मी त्यांना घरी जेवायला आणलं. आईनं शेवभाजी केली होती. तिनं विचारलं, "भाऊ, तुम्हीन कथला शेतस?" त्यांनी गाव सांगितलं, आणि मग दोघं अशी बोलत सुटली की वडिलांना आणि मला मधे शब्द घालता येईना. कोणत्या भाजीला कुठे काय म्हणतात, शिमग्याला कुठे काय खातात. वडील शेवटी ओरडले, "अरे, त्याले जेवू तर दे!" काकांनी चार भाकरी खाल्ल्या. जाताना आई म्हणाली, "हाई तुमनं बहिणनं घर समजा." त्यानंतर ते सणावाराला येत. आई त्यांच्यासाठी बिबड्या वेगळ्या काढून ठेवायची.

कॉलेजच्या मागच्या अंगाला हिरव्या जाळीची एक शेड होती. तिला सगळे जाळीघर म्हणत. तिथे आमरी होत्या, ज्यांना शहरात ऑर्किड म्हणतात. लोकांना वाटतं हे बांडगूळ आहे, झाडाचं रक्त पितं. तसं नाही. आमरी झाडावर फक्त बसते. पाऊस, वारा आणि सालीवरची धूळ यांवर जगते. दक्षिणेतलं पावसाळी जंगल सह्याद्रीवरून उत्तरेला सरकत येतं आणि डांगाच्या पलीकडे संपतं. त्याचा शेवटचा एक ओला तुकडा काकांच्या गावाजवळच्या घळीत अडकून राहिला होता. बाहेर सागाचं वाळकं रान, आणि खाली घळीत बारा महिने ओल. तिथल्या एका जातीची चार रोपं आमच्या जाळीघरात होती. माघात पानं झडलेल्या काडीवर तिला पांढरी फुलं येत, ओठाशी जांभळा डाग असलेली. विभागप्रमुखांना आम्ही साहेब म्हणत असू. साहेब म्हणत की ही जात आता कुठेच नोंदली जात नाही, ही बहुधा शेवटचीच आहे. ती चारही रोपं काकांनी आणलेली होती. पावसाळी वादळात फांदी मोडून खाली पडली तरच ते तिच्यावरची आमरी उचलत. उभ्या झाडाला हात लावत नसत. तळाचा ओढा वाढला की पडलेली फांदी वाहूनच जाते, त्यापेक्षा इकडे आणू, एवढाच त्यांचा हिशेब. ते पावसाचं पाणी प्रयोगशाळेच्या छपरावरून पिंपात धरून ठेवत, कारण कॉलेजच्या बोअरचं पाणी खारं होतं. रोप लाकडाला बांधायला मी एकदा वडिलांच्या कारखान्यातला चकचकीत पॉलिस्टरचा धागा नेला. काकांनी तो परत दिला. "हा मरत नाय. मूळ धरलं का दोरा सडला पायजे. नायतर तोच तिचा गळा कापल." आणि धोतराच्या काठाचं सूत ओढून काढलं.

दुसऱ्या वर्षाच्या माघात ते मला घळीत घेऊन गेले. एसटीनं दोन तास, मग पायी. घळीच्या तोंडाशी वाघदेवाचा लाकडी खांब होता, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. काकांनी नारळ फोडला, चपला तिथेच काढल्या, मलाही काढायला लावल्या. खाली ओढ्यावर झुकलेली एक म्हातारी जांभळी होती. तिच्या आडव्या फांद्यांवर आमरी फुलली होती. मी मोजल्या, एकोणीस. तिथे हवाच वेगळी होती, गार, आणि वासानं जड झालेली. मी किती वेळ मान वर करून उभा होतो कुणास ठाऊक. काका मागे बिडी न पेटवता बसून होते. निघताना म्हणाले, "पाहून झालं? आता इसर. ही जागा तोंडातून काढायची नाय. साहेबांनी इचारलं तरी 'डांगात' म्हणायचं. माझ्या बापानं मला दाखवली, मी तुला. माझा पोरगा दारू पितो, त्याला दाखवली नाय." मी मान डोलवली.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात पुष्पप्रदर्शन ठरलं. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर घासूनपुसून काढलं होतं, लोकांना झाडाफुलांची हौस आली होती, आणि मोठमोठी माणसं येणार होती. साहेबांनी नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम मला दिलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. मामाच्या गावच्या शाळेत मास्तरांनी बोटांवर पट्टी मारून ते घडवलं होतं. साहेबांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं: ज्या नमुन्यावर स्थळ लिहिलेलं नाही, तो नमुना नव्हे, ते गवत. नाव, कूळ, फुलण्याचा काळ, उंची, स्थळ. स्थळ जितकं नेमकं, तितका अभ्यासक पक्का. मी आमरीच्या चिठ्ठीवर स्थळ लिहिलं. गाव, ओढ्याचं नाव, वाघदेवाच्या खांबापासून किती पावलं, कोणत्या झाडाच्या कोणत्या अंगाला. मला खरंच वाटत होतं की मी चांगलं काम करतो आहे. घाटी म्हणून हसणाऱ्या त्या मुलांपैकी कुणाला इतकं नेमकं लिहिता आलं नसतं.

मी लिहीत असताना काका फुलदाणीत रेती भरत होते. वाकून बघून म्हणाले, "अक्षर झक्कास काढतोस. काय लिवलंस, वाच की." मी वाचून दाखवलं. नाव वाचलं, कूळ वाचलं, माघ-फाल्गुन वाचलं. शेवटची ओळ वाचली नाही. म्हणजे मला तेव्हाच कळत होतं. 'भोळेपणानं घडलं' असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ती न वाचलेली ओळ मधे येते.

प्रदर्शनात साहेबांनी पाहुण्यांसमोर ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली, स्थळासकट, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आ अमारो मराठी छोकरो." मी आयुष्यात इतका फुललो नव्हतो. दुपारी पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ आले. कडोदऱ्याकडे हायवेवर त्यांची मोठी नर्सरी होती. "भाई, अक्षर तो बहु सरस छे तमारा," असं म्हणत त्यांनी खिशातली डायरी काढली आणि चिठ्ठी उतरवून घेतली. ओढ्यापर्यंत जीप जाते का, एवढं विचारलं. मी म्हणालो, "खांबापर्यंत जाते. पुढे चालावं लागतं." त्यांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला.

होळीला डांगात कुणी शहरात थांबत नाही. काका आठ दिवसांसाठी गावी गेले आणि तिसऱ्याच दिवशी परत आले. मी सकाळी जाळीघरात गेलो तर ते उकिडवे बसले होते, पाणी घालत नव्हते. म्हणाले, "जांभळी पाडली." मला आधी कळेना. "चढता येईना म्हणून बुडातूनच करवतली. साल सोलून नेली, बाया कोंबडी सोलतात तशी. ज्या फांद्या ओढ्यात पडल्या त्या तशाच टाकल्या. त्यांवरची फुलं अजून उघडी होती, पाण्यात." नंतर म्हणाले, "जीपची चाकं आहेत खांबापर्यंत. पोऱ्या, कुणी सांगितलं असंल रं?" मी म्हणालो, "काय माहीत." ते म्हणाले, "माझ्या पोरानं दारूपायी सांगितलं का, तेच कळंना. पण त्याला तर दाखवलीच नव्हती." त्यांनी होळीच्या दिवशी पोराला काठीनं मारलं होतं. तो घर सोडून गेला होता.

त्याच दिवशी दुपारी मी संग्रहालयाचं कपाट उघडलं. चिठ्ठ्या एका खोक्यात होत्या. आमरीची काढली, तशाच कार्डावर, त्याच शाईनं, त्याच अक्षरात दुसरी लिहिली. स्थळ: डांग जिल्हा. जुनी फाडून तिचे तुकडे वही-पुस्तकांबरोबर घरी नेले आणि आईच्या चुलीत घातले. आई भाकरी भाजत होती. म्हणाली, "कागद काबरं जाळी ऱ्हायना?" मी म्हणालो, "चुकना व्हता."

आठ दिवसांत वनखात्याचा माणूस कॉलेजात आला. तोडलेलं झाड सापडलं होतं, आमरी कुठे कुठे विकायला निघाली होती, आणि हीच जात कॉलेजात मांडली होती असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. प्राचार्यांच्या खोलीत साहेब होते, वनखात्याचा माणूस होता, काका दाराशी उभे होते, आणि मला बोलावून घेतलं. माझी अंतिम परीक्षा महिन्यावर होती. पुढच्या प्रवेशासाठी साहेबांची शिफारस लागणार होती. ती नसती तर मला भिंतीपलीकडच्या मागांवरच जायचं होतं. काकांची अठरा वर्षांची रोजंदारी त्या खोलीत होती, आणि त्यांचं नाव. मला दोन्ही गोष्टी नीट कळत होत्या.

प्राचार्यांनी विचारलं, जागा कुणाला माहीत होती. साहेबांनी खोकं मागवलं, चिठ्ठी काढली. वाचली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतः मोठ्यानं वाचलेली ओळ त्यांना नक्कीच आठवत होती. कार्ड नवं करकरीत होतं, तेही त्यांना दिसत होतं. मी जमिनीकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडेच पाहिलं. चिठ्ठी बदलली असं ते म्हणाले असते, तर पाहुण्यांसमोर ती कुणी वाचली हेही निघालं असतं. त्यांनी चिठ्ठी वनखात्याच्या माणसापुढे सरकवली आणि म्हणाले, "आमां तो फक्त डांग लखेलुं छे." मग दाराकडे वळून, "रावजी, जागा तने ज खबर हती ने?"

काका म्हणाले, "हो साहेब, मला. पण मी पडलेलंच आणतो. या पोऱ्याला इचारा, याला ठाऊक आहे."

प्राचार्यांनी मला विचारलं, "तुला काय ठाऊक आहे?"

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही, सर."

वनखात्याच्या माणसानं विचारलं, "हा गावी जाताना इथून काही नेत असे का?"

"कधी कधी पोतं असायचं," मी म्हणालो.

ते खरं होतं. पोत्यात वाळलेली पानं आणि मोडक्या कुंड्या असायच्या, त्यांच्या सुनेच्या परसासाठी. पोत्यात काय असायचं हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खोटं बोललेला माणूस पुढे कधीतरी शरमेनं कबूल करतो. मी त्या खोलीत पोत्याबद्दल एक वाक्य पूर्ण खरं बोललो, आणि त्या खऱ्या वाक्यानं एका माणसाला मारलं. काका माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. मी अजून काहीतरी बोलणार आहे, अशा तयारीनं बघत होते.

पुरावा नव्हता, म्हणून खटला झाला नाही. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागदही लागत नाही. "उद्यापासून येऊ नको," एवढंच. संध्याकाळी ते जाळीघरात आले. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "घाबरलास ना? साहेब लोक असे एकदम इचारतात, कोणबी घाबरल." मग मला पाण्याचं सांगू लागले. सकाळीच घालायचं, ऊन चढल्यावर नाही. पिंपातलं संपलं तर नळाचं दोन दिवस उघडं ठेवून मग. बोअरचं कधीच नाही. चैत्रात जाळीवर ओलं पोतं टाकायचं. मला सगळं म्हणून दाखवायला लावलं. मी म्हणून दाखवलं. "तू हाईस म्हणून बरं," ते म्हणाले, आणि डोक्यावर हात ठेवून गेले.

घरी आई विचारायची, "रावजीभाऊ काबरं येत नहीत रे?" मी सांगितलं, गावी गेलेत, शेती आहे. तिनं त्या उन्हाळ्यात बिबड्यांचा एक डबा त्यांच्यासाठी बाजूला ठेवला होता. पावसाळ्यात त्या बिबड्यांना बुरशी लागली.

परीक्षा आली. मी जाळीघरात पहिले काही दिवस गेलो, मग एक दिवसाआड, मग गेलोच नाही. पाणी घालायला वॉचमनला सांगितलं. तो भर दुपारी बोअरचा पाइप सोडायचा. चारही रोपं वैशाखात काळी पडून सडली. आज माझे विद्यार्थी माझ्या एका नियमाचं कौतुक करतात: आमच्या विभागाच्या कोणत्याही नोंदीत दुर्मिळ झाडाचं नेमकं स्थळ लिहायचं नाही, कितीही मोठ्या माणसानं मागितलं तरी. मागच्या वर्षी एका सभेत मला यासाठी शाल दिली. मी ती घेतली.

जूनमध्ये निकाल लागला. साहेबांनी मला बोलावून अभिनंदन केलं आणि म्हणाले, जुलैत विद्यापीठातून मोठे अभ्यासक येणार आहेत, त्यांना ती आमरी दाखवायचा शब्द देऊन बसलो आहे, काहीतरी कर. मी घरी येऊन काकांना पत्र लिहिलं. मी तेव्हा प्रत्येक पत्राचा आधी कच्चा खर्डा करत असे, म्हणून ते माझ्याकडे आहे. पत्रातलं नोकरीबद्दलचं वाक्य साहेब कधी बोलले नव्हते. ते मी माझ्या मनानं घातलं. काकांना ते त्यांच्या नातीनं वाचून दाखवलं असणार, ती चौथीत होती. पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरनं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पुडकं आणून दिलं. उत्तर नव्हतं. पुडक्यात दोन रोपं होती. एक महिनाभर जगलं. दुसरं आमच्या संग्रहालयात कागदावर चिकटवलेलं आहे, आणि संकलक म्हणून त्याखाली माझं नाव आहे. पुढे मी त्या घळीत तीनदा जाऊन आलो. ती जात तिथे आता नाही. त्या तिनांतल्या पहिल्या खेपेच्या आदल्या वर्षीच काका वारले होते. पत्र असं:

"सुरत

तीर्थस्वरूप रावजीकाका यांना प्रकाशचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की माझा निकाल लागला. तुमच्या आशीर्वादाने पहिल्या वर्गात पास झालो आणि विषयात कॉलेजात पहिला आलो. साहेबांनी शिफारस दिली आहे, पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळेल. वडिलांनी सगळ्या कारखान्यात गूळ वाटला. आई तुमची आठवण काढते.

तुमच्यावर जो प्रसंग आला त्याचे आम्हा सर्वांना फार वाईट वाटते. ज्याने कोणी हे केले त्याला देव बघून घेईल. तुम्ही मनाला लावून घेऊ नये. तब्येतीला जपावे.

दुसरे असे की, जाळीघरातील चारही रोपे उन्हाने गेली. मी पुष्कळ काळजी घेतली, पण परीक्षेमुळे इलाज चालला नाही. जुलैत बाहेरचे मोठे अभ्यासक येणार आहेत आणि साहेबांना ती जात दाखवायची आहे. जांभळीच्या वरच्या अंगाला, कड्याच्या कपारीत तुम्ही मला एक-दोन रोपे दाखवली होती. ती वरून दिसत नाहीत, त्यामुळे राहिली असावीत असे वाटते. तुम्हाला जमल्यास ती मुळासकट काढून, ओल्या फडक्यात बांधून सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यावीत. साहेब म्हणाले की एवढे काम झाले तर तुम्हाला पुन्हा कामावर घेण्याचे बघता येईल.

कड्यावर शेवाळ असते, जपून चढावे. घरातील सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
प्रकाश

ता. क. – दोन असली तर दोन्ही पाठवावीत. एक दाबून वाळवायला लागेल."